उत्कंठा झाकण्यात नसते

शृंगारिक चित्रकथेबद्दल जाणकारही एक मत बिनदिक्कत मांडतात. गद्यात कल्पनेला वाव असतो. चित्रात सगळं उघडंच, मग उत्कंठा येणार कुठून? आणायचीच असेल तर झाका, सुचवा, पडदा पाडा. हे मत सभ्य वाटतं म्हणून टिकलं आहे. युक्तिवाद म्हणून ते लंगडं आहे.

उत्कंठा म्हणजे ठाऊक नसणं, हे त्यामागचं गृहीतक. हिचकॉकने त्रूफोशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला होता. बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षक दचकतो आणि संपलं. तो तिथे आहे हे आधी कळलं, तर टेबलावरच्या फुटकळ गप्पांनीही त्याचा जीव टांगणीला लागतो. आपली वासकसज्जा नायिका तरी वेगळं काय सांगते? शेज सजली आहे, प्रियकर येणार हे ठरलेलं आहे. गुपित कसलंच नाही, तरी तिची घालमेल थांबत नाही. शृंगारकथेचा शेवट वाचकाला बहुधा पहिल्या पानावरच माहीत असतो. त्याला ओढ असते ती 'केव्हा'ची.

आणि या 'केव्हा'वर चित्रकथेची हुकमत मोठी. मिलानच्या ग्वीदो क्रेपाक्सचं उदाहरण घ्या. वास्तुकला शिकलेला माणूस. १९६५ मध्ये 'लीनुस' मासिकात त्याने व्हालेंतिना आणली: पेशाने छायाचित्रकार, आखूड काळे केस, बेतलेली मूकपटांतल्या लुईझ ब्रुक्सवर. क्रेपाक्स नग्नतेला बिचकत नाही. पण एखादी क्षणभराची हालचाल तो पानभर चिरत नेतो. डोळा. ओठ. बोटांची टोकं. पुन्हा डोळा, या खेपेला जरा जवळून. काही चौकटी बोटाच्या पेराएवढ्या, मध्येच एक पानाच्या टोकापासून टोकापर्यंत उभी. नजर दर चौकटीपाशी अडखळते आणि क्षण ताणला जातो. बरं, पुढची चौकट लपलेली नसतेच; पान एकदमच डोळ्यांपुढे येतं, लपवायचं ते फार तर पान उलटेपर्यंत. तरीही वाचक शेवटच्या चौकटीवर उडी मारत नाही, रेंगाळतो.

यावर कुणी मिलो मानाराचं 'इल जोको' (१९८३) पुढे करील. तिथे तर रेषा काहीच राखून ठेवत नाही. खरं आहे, पण कथेतल्या एका यंत्राचं बटण फिरलं की नायिकेच्या मनाविरुद्ध तिची वासना जागते, हे वाचकाला कळलेलं असतं, आणि चारचौघांत ते केव्हा फिरेल ही धास्ती कथा पुढे रेटते. म्हणजे हिचकॉकचाच बॉम्ब. ती कथा मला उथळ वाटते ती उघडेपणामुळे नव्हे. नायिकेच्या इच्छेलाच तिथे मोल नाही, त्यामुळे वाट पाहणारं पात्रच उरत नाही. उरते बटणाची गंमत, आणि ती लवकर शिळी होते.

सूचकतेचं मोल मी नाकारत नाही. मात्र ऊठसूट ध्वनिसिद्धान्ताचा हवाला देणाऱ्यांनी सांगावं, व्यंग्यार्थ म्हणजे पदर सावरून घेणं असं आनंदवर्धनाने कुठे म्हटलं आहे? भरतमुनीने विप्रलंभाला, म्हणजे विरहाला, शृंगाराचा अर्धा हिस्सा दिला तो विलंबासाठी, आडोशासाठी नव्हे.

व्हालेंतिनाचं एखादं पान हाती आलं तर त्यातल्या चौकटी मोजा. देहाच्या किती आणि नुसत्या थांबण्याच्या किती, ते बघा, आणि मग वाद घाला.