मधुमेह, डोळ्याचा पडदा आणि डॉ. अ‍ॅलिस्टर बार्बर यांचे संशोधन

डोळ्याच्या आतल्या पडद्याला आपण रेटिना किंवा दृष्टिपटल म्हणतो. हा पडदा म्हणजे मेंदूचाच एक भाग आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गर्भात मेंदू घडत असताना त्याच्या पुढच्या भागातून दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांच्यापासून दोन्ही डोळ्यांचे पडदे तयार होतात. प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. असे असूनही मधुमेहामुळे पडदा खराब होण्याचा आजार, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, हा शंभरएक वर्षे फक्त रक्तवाहिन्यांचा आजार मानला गेला. पडद्यातल्या मज्जापेशींचे काय होते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तो नेटाने लावून धरणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील मज्जासंशोधक डॉ. अ‍ॅलिस्टर बार्बर.

आधी थोडा इतिहास

१८५१ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणले. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या न कापता प्रथमच पाहता आल्या. पुढच्या काही वर्षांतच व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे पिवळट डाग आणि रक्तस्राव नोंदवले. मात्र त्या काळचे सर्वांत मोठे नेत्रतज्ज्ञ, बर्लिनचे फॉन ग्राफे, यांना हे पटले नाही. १८७२ मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी पुढचा पुरावा दिला, तरी वाद मिटला नाही. हे डाग रक्तदाबाचे की मधुमेहाचे, याचा निवाडा व्हायला १९४० चे दशक उजाडले. ग्लासगोच्या आर्थर बॅलन्टाइन यांनी तेव्हा दाखवून दिले, की हा मधुमेहाचा स्वतंत्र आजार आहे.

इतका उशीर होण्यामागे आणखी एक कारण होते. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी लहान वयात मधुमेह झालेले रुग्ण फार काळ जगतच नसत. इन्सुलिनने आयुष्य वाढले, आणि वीस-वीस वर्षे मधुमेहासोबत काढलेल्या माणसांचे डोळे डॉक्टरांसमोर येऊ लागले.

पेशी विरघळल्या, जाळे उरले

१९६० च्या सुमारास बोस्टनमध्ये कुवाबारा आणि कोगन यांनी एक सुंदर पद्धत शोधली. मृत व्यक्तीच्या डोळ्यातला पडदा ट्रिप्सिन या पाचक द्रव्यात ठेवायचा. बाकी सर्व विरघळून जाते आणि रक्तवाहिन्यांचे नाजूक जाळे तेवढे शिल्लक राहते. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्याची भोके उन्हात दिसावीत, तसे मधुमेहाने केलेले नुकसान त्यात स्पष्ट दिसले. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी नाहीशा झालेल्या होत्या आणि वाहिन्यांच्या भिंतींना बारीक फुगे आलेले होते. आजही पाठ्यपुस्तकात हेच चित्र असते.

पण या पद्धतीत जे विरघळून जात होते, त्यात मज्जापेशीही होत्या. ज्या तपासणीत त्या उरतच नाहीत, तिच्यात त्यांचे नुकसान कसे दिसणार? त्याच सुमारास, १९६१-६२ मध्ये, वोल्टर आणि ब्लडवर्थ या दोघांनी वेगवेगळे लिहून ठेवले होते, की मधुमेहात पडद्यातल्या मज्जापेशीही झिजतात. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्याला कारणही होते. उपचार रक्तवाहिन्यांवर सापडत होते. प्रकाशाने पडदा भाजण्याची पद्धत आली, मग लेझर आले. १९७६ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले, की गंभीर अवस्थेत लेझरमुळे दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. हाती गुण देणारे साधन असले, की माणूस दुसरा प्रश्न सहसा विचारत नाही.

हर्शीमधील काम

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. ते चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे. तिथले वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये चॉकलेटच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीच्या देणगीतून सुरू झाले. याच महाविद्यालयात नेत्रतज्ज्ञ टॉमस गार्डनर यांच्यासोबत डॉ. बार्बर, एरिक लीथ, डेव्हिड अँटोनेटी ही मंडळी १९९० च्या दशकात मधुमेही पडद्यावर काम करत होती. मज्जासंशोधक, पेशीसंशोधक आणि रुग्ण तपासणारा डॉक्टर एका ठिकाणी आले, हे या कामाचे बळ होते.

१९९८ मध्ये बार्बर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी उंदरांना औषधाने मधुमेह निर्माण केला. मग मरत असलेल्या पेशींवरच चढणारा रंग वापरून संपूर्ण पडद्यातल्या अशा पेशी मोजल्या. मधुमेह होऊन अवघा एक महिना झाला होता, तरी मरणाऱ्या पेशींचे प्रमाण निरोगी उंदरांच्या सुमारे दसपट होते. त्यातल्या बहुतेक पेशींचा रक्तवाहिन्यांशी संबंध नव्हता. साडेसात महिन्यांनी पडद्याचे आतले थर पातळ झाले होते, एक २२ टक्क्यांनी आणि दुसरा १४ टक्क्यांनी. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियॉन पेशी १० टक्क्यांनी घटल्या होत्या. इन्सुलिन दिलेल्या उंदरांत पेशींचे मरण कमी झाले. मधुमेही माणसांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या पडद्यांतही मरणाऱ्या पेशी जास्त आढळल्या.

मज्जापेशी मरतात, हे आधी लिहिले गेले होते. बार्बर यांनी त्या मोजून दाखवल्या आणि हे फार लवकर सुरू होते हेही दाखवले. २००१ मध्ये त्यांनी इन्सुलिन पडद्यातल्या मज्जापेशींना मरणापासून कसे वाचवते, त्याचा पेशीतला मार्ग मांडला. म्हणजे पडद्याच्या दृष्टीने इन्सुलिन हे साखर उतरवणारे द्रव्य तर आहेच, शिवाय पेशींना जगवणारा निरोपही आहे. २००३ च्या लेखात त्यांनी रेटिनोपॅथीला डोळ्याचा मज्जाऱ्हासाचा आजार म्हणून पाहावे, असे सुचवले. २००५ मध्ये जन्मतःच मधुमेहाकडे जाणारी उंदरांची एक जात या अभ्यासाला कशी उपयोगी पडते, तेही त्यांनी दाखवले.

मग हे सिद्ध झाले का?

बऱ्याच अंशी. ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्याचे थर जिवंत माणसात मोजता येऊ लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की ज्यांच्या पडद्यावर रेटिनोपॅथी जवळजवळ नाही, अशा मधुमेहींचेही आतले थर चार वर्षांत हळूहळू पातळ होत गेले. २०१७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने या आजाराचे वर्णन मज्जा आणि रक्तवाहिन्या या दोन्हींचा आजार असे केले.

पण औषधाची गोष्ट निराळी आहे. युरोपात ४५० रुग्णांवर मज्जापेशी वाचवणाऱ्या थेंबांची चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ मध्ये आले. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता फायदा दिसला नाही. ज्यांच्या पडद्याचे काम आधीच थोडे बिघडले होते, त्यांच्यात मात्र पुढची घसरण थांबल्याची चिन्हे होती. म्हणून ‘डोळ्याच्या नसांसाठी’ म्हणून कोणी महागड्या गोळ्या किंवा थेंब विकत असेल, तर दोनदा विचार करावा.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. १९९३ च्या अमेरिकी चाचणीत लहान वयात मधुमेह झालेल्या १४४१ रुग्णांचा सरासरी साडेसहा वर्षे अभ्यास झाला. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवले, की मोठ्या वयातल्या मधुमेहात रक्तदाब ताब्यात ठेवल्यास रेटिनोपॅथी वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडे काय?

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींपैकी साडेबारा टक्क्यांना रेटिनोपॅथी आढळली, आणि सुमारे ४ टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. त्याआधी मुंबईत, धारावीसारख्या वस्तीत आदित्य ज्योत संस्थेने केलेल्या पाहणीतही मधुमेहींत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या थोडे वर होते. श्रीमंतांचा आजार ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

कट्टा आणि आसपासच्या वाड्यांतले रुग्ण मला नेहमी विचारतात, ‘डॉक्टरांनू, माका सगळा स्पष्ट दिसता, मग डोळे कित्याक दाखवू?’ बार्बर यांचे काम हेच त्याचे उत्तर आहे. उंदरात एका महिन्यात नुकसान सुरू झाले होते आणि बाहेरून काहीच कळत नव्हते. माणसातही पडद्याच्या मध्यभागी सूज किंवा रक्तस्राव होईपर्यंत नजर चांगलीच राहते. त्यानंतर लेझर किंवा डोळ्यातली इंजेक्शने बहुधा उरलेली नजर वाचवतात. मेलेली मज्जापेशी मात्र परत येत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे:

- मोठ्या वयात मधुमेह निघाला, तर त्याच वेळी पडदा तपासून घ्यावा, आणि नंतर दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील तसा. मधुमेह कधी सुरू झाला हे आपल्याला कळलेले नसते.
- लहान वयातल्या, इन्सुलिनवरच्या मधुमेहात पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी व्हावी.
- मधुमेही स्त्रीला दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहावा.
- चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिला का, हे विचारावे.
- थेंबांनंतर काही तास अंधूक दिसते आणि ऊन खुपते. कुडाळला किंवा ओरसला जाताना स्वतः मोटारसायकल चालवू नये, घरातले कोणी सोबत न्यावे.
- साखर, रक्तदाब आणि चरबी या तिन्हींवर लक्ष ठेवावे.

घरात कोणाला मधुमेह असेल, तर शेवटची पडदा तपासणी कधी झाली, हे त्यांना आजच विचारा. तारीख आठवत नसेल, तर ती तपासणी राहिली आहे असे समजावे.