बॅरनची ओकारी आणि क्ष-किरण

श्रोतेहो, वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्या डचांच्याच देशातली ही हकीकत.

1723 चा ऑक्टोबर. डच आरमारातले बडे सरदार बॅरन फान वासेनार यांना जेवण जड झाले, की औषध घेऊन ओकारी काढायची सवय होती. (सरदारी सवयी, दुसरे काय!) त्या दिवशी ओकारी काढता काढता छातीत काहीतरी फाटले, आणि अशी कळ उठली की माणूस किंचाळला. लायडनचे नामांकित वैद्य बूरहाव्ह आले, पण निदान होईना. एका दिवसाच्या आत रोगी दगावला. प्रेत उघडले तेव्हा छातीतून हवा सुटली आणि बदकाच्या मांसाचा वास आला! अन्ननलिका तुटून खाल्लेले सारे छातीत सांडले होते. बूरहाव्हांनी 1724 साली हे सविस्तर छापले. पण जिवंतपणी ओळखायचे कसे?

1895 मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि वाट मिळाली. एक्स-रेत हाड पांढरे दिसते, हवा काळी. फाटक्या नळीतून निसटलेली हवा हृदयाच्या कडेने काळी रेघ ओढते. ती मानेच्या कातडीखाली चढली, तर बोटाने दाबल्यावर चुरचुरते. नळी बहुधा खालच्या टोकाला, डावीकडे फाटते, म्हणून डाव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसते. 1947 साली लंडनच्या बॅरेट यांनी यशस्वी शिवणीची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर लवकर ओळखण्याला खरी किंमत आली, कारण चोवीस तास उलटले की धोका फार वाढतो.

मात्र पहिल्या काही तासांत एक्स-रे अगदी साफ येऊ शकतो. म्हणून शंका असेल तर डॉक्टर छायाचित्रात दिसणारे औषध गिळायला देऊन पुन्हा छायाचित्र घेतात, किंवा सीटी स्कॅन करतात.

मीरा-भाईंदरकडच्या उत्तनच्या कोळीवाड्यात हे सांगितले, तर मंडळी म्हणतील, आमच्याकडे बॅरन कुठले? पण माशाचा काटा तर असतो ना! अडकलेला काटाही नळीला भोक पाडू शकतो. तो एक्स-रेत दिसेलच असे नाही, आणि वरून कोरड्या भाताचा गोळा दामटला तर आणखी रुततो. तसेच, ओकारीनंतर छातीत कळ आली, तर दवाखान्यात आधी काय झाले आणि मग काय, ते त्याच क्रमाने सांगा. नुसते ‘छातीत दुखतंय’ म्हटले, की सगळ्यांचे लक्ष आधी हृदयाकडेच जाते.