शेजाऱ्यांनी उभी केलेली शुश्रूषा

आमच्या सीमाभागात दुखण्याला शब्दांची वाण नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, आग वेगळी. कन्नडमध्ये ‘नोवु’ म्हणजे दुखणे, ‘उरि’ म्हणजे जळजळ. बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या घरी जाऊन बसण्याचे काम मी करतो, तेथे हे शब्द औषधाइतकेच कामाला येतात. मज्जातंतूंतून उठणारी आग नुसत्या मॉर्फिनने पुरती शमत नाही, तिला निराळ्या गोळ्या लागतात. रोगी सांगतो मराठीत, परिचारिका जाणते कन्नड. दोन्ही भाषा येणारा शेजारी मध्ये असला, की निम्मे काम होते.

या शेजाऱ्याला वैद्यकाच्या इतिहासात जागा मिळाली ती अलीकडे. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स रुग्णालय उघडले. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर, अशा तिन्ही वाटा त्या चालून आल्या होत्या. 1969 मध्ये त्यांचे पथक रोग्यांच्या घरी जाऊ लागले. आपल्याकडे 1986 साली मुंबईत ‘शांती अवेदना’ सुरू झाली, पुढे गोव्यातही तिची शाखा झाली. पण एका इमारतीत खाटा किती मावणार?

खरे वळण दिले केरळने. 1993 साली कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम आरंभले. ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच रोगी अंथरुणातून उठून दवाखान्यात येऊ शकत नाही, ही अडचण लवकरच दिसली. मग 1999 च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात कारभारच गावकऱ्यांच्या हाती आला. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकेल त्याने यावे, सोळा तास शिकावे, चार दिवस जाणत्यांबरोबर हिंडावे. जखम धुणे, कूस बदलणे, घरात तांदूळ आहे का पाहणे, पोरांची शाळा सुटली नाही ना याची चौकशी करणे, हे सारे शेजाऱ्यांनी उचलले. पैसाही बहुतांशी गावातलाच, थोडा थोडा जमवलेला. डॉक्टर आणि परिचारिका होत्याच, पण त्यांना गावाने बोलावले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. 2008 साली केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि पंचायतींवर जबाबदारी टाकली.

मॉर्फिनची कथा मात्र कडू आहे. नीमच-मंदसौर भागात, म्हणजे आपल्या इंदूरकरांच्या शेजारी, सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात देशातल्या रोग्यांना ती गोळी दुर्मीळ झाली. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय! 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी जवळच्या औषधाच्या दुकानात ती मिळेलच असे अजूनही नाही.

स्वयंसेवकाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे रोग्याशी खरे बोलणे. दुभाषी घरांत हे अवघड. रोगाचे नाव आजीला कळू नये म्हणून मुले तिच्या उशाशी कन्नडमध्ये कुजबुजतात. चाळीस वर्षे बाजारात कन्नडमधूनच भाजीचा भाव केलेली ती बाई डोळे मिटून सगळे ऐकत असते.