खिडकीपलीकडचा काळोख

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाने १९२१ च्या डिसेंबरात एक लहानशी कथा लिहिली. ‘एरिख त्सानचे संगीत’ हे तिचे नाव. तत्त्वज्ञान शिकणारा एक गरीब विद्यार्थी एका चढणीच्या, पडक्या गल्लीत खोली भाड्याने घेतो. त्याच्या वर, अगदी माळ्यावर, एक मुका जर्मन म्हातारा राहतो. संध्याकाळी हा म्हातारा एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदात वाजवतो आणि रात्री, दार लावून, एकटाच वाजवत बसतो. त्याच्या खिडकीतून खाली पसरलेल्या शहराचे दिवे दिसायला हवेत. विद्यार्थी एका रात्री त्या खिडकीतून पाहतो, तेव्हा शहर नसतेच. असतो तो अथांग, जिवंत काळोख. म्हातारा वाजवत होता तो कोणाला रिझवण्यासाठी नव्हे. त्या काळोखातले जे काही आहे, ते खिडकीबाहेरच राहावे म्हणून.

ते ‘जे काही’ म्हणजे काय, हे लव्हक्राफ्ट शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्या कथांपैकी ही त्याला विशेष प्रिय होती, आणि तीही त्याने जे सांगायचे टाळले त्याबद्दलच. लहानपणी तो दोनेक वर्षे व्हायोलिन शिकला होता. पुढे त्याने ते सोडून दिले, आणि अभिजात संगीतात त्याला फारशी गती नव्हती. तरी त्याच्या विश्वाच्या केंद्राशी जो निर्बुद्ध, आंधळा देव बसलेला आहे, त्याच्याभोवतीही ढोल आणि बासऱ्या वाजतच असतात! मात्र ते सूर कसे होते, हे आपण विचारायचे नाही. लेखकाला हे परवडते. संगीतकाराला परवडत नाही. त्याला कागदावर एक तरी स्वर लिहावाच लागतो. ज्या भीतीला चेहरा नाही, नाव नाही, तिचा स्वर कोणता? पाश्चात्त्य वाद्यवृंदाने या प्रश्नाशी दीडदोनशे वर्षे झगडून काय मिळवले, ते मला येथे सांगायचे आहे.

आपल्याकडे भरतमुनींनी बीभत्स आणि भयानक या दोन रसांना धैवत नेमून दिला आहे. पुढच्या गवयांनी तो हुकूम फारसा मनावर घेतल्याचे दिसत नाही; घाबरण्यासाठी रात्रभर मैफलीत कोण बसणार? युरोपात मात्र भीतीला फार पूर्वीच एक ठरावीक चाल मिळाली होती. तेराव्या शतकापासून मृतांच्या प्रार्थनेत ‘दिएस इरे’, म्हणजे ‘कोपाचा दिवस’, हे स्तोत्र गाइले जाई. बेर्लिओझने १८३० साली पॅरिसमध्ये आपली ‘सिंफनी फांतास्तिक’ सादर केली, तेव्हा चेटकिणींच्या मेळाव्यात घंटांच्या ठोक्यांबरोबर हीच चाल खर्जातल्या वाद्यांवर घुमवली. व्हायोलिनवाल्यांना त्याने धनुकलीच्या लाकडानेच तारांवर आघात करायला लावले. हाडे खुळखुळावीत तसा तो आवाज होतो. त्याआधी नऊ वर्षे वेबरने बर्लिनमध्ये ‘डेर फ्रायशुत्स’ या संगीतिकेत मध्यरात्रीच्या दरीत सैतानाला बोलावलेच होते. लिस्ट, सँ-साँस, राखमानिनोव्ह हे सारे पुढे त्याच वाटेने गेले.

पण जरा विचार केला तर या भीतीत एक आश्वासनही आहे. सैतान आहे, तेव्हा देव आहे. कोपाचा दिवस येणार, म्हणजे न्याय करणारा कोणीतरी आहे. बेर्लिओझच्या चेटकिणी कितीही किंचाळल्या तरी श्रोता घरी जाऊन सुखाने झोपतो. लव्हक्राफ्टच्या काळोखात न्यायाधीशच नाही. माणूस पापी आहे म्हणून नव्हे, तर तो कोणाच्या खिजगणतीतच नाही म्हणून तेथे अंगावर काटा येतो.

या दोन भयांच्या मधोमध एडगर अॅलन पो उभा आहे. लव्हक्राफ्ट त्याला गुरू मानी. अद्भुत भयकथेवरच्या आपल्या दीर्घ निबंधात त्याने पोसाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. आणि संगीतात पोच्या नादी लागून ज्याने आयुष्याची अखेरची दहा वर्षे घालवली, तो क्लोद देब्युसी. बोदलेरच्या भाषांतरामुळे पो फ्रेंचांना जवळजवळ आपलाच लेखक वाटत असे. १९०८ साली देब्युसीने ‘अशरच्या घराण्याचा ऱ्हास’ या कथेवर संगीतिका लिहिण्याचा करार न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराशी केला. कथेतला रॉडरिक अशर इतका हळवा झालेला असतो की तंतुवाद्यांचे काही मोजके स्वर सोडले तर कोणताही आवाज त्याला सहन होत नाही. असा नायक देब्युसीला न मोहवता तरच नवल.

संहिता त्याने स्वतःच लिहिली. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, १९१६ पर्यंत. मधल्या काळात कर्करोगाने त्याला गाठले होते, १९१५ अखेर शस्त्रक्रिया झाली, बाहेर महायुद्ध पेटले होते. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत तो आपण जणू अशरच्या वाड्यातच राहतो आहोत अशा भाषेत लिही. २५ मार्च १९१८ रोजी पॅरिसवर जर्मन तोफांचे गोळे पडत असताना तो गेला, आणि संगीतिका जेमतेम अर्ध्यावर राहिली. पुढे हुआन आयेंदे-ब्लिन आणि रॉबर्ट ऑर्लेज या दोघांनी आपापल्या परीने तिची जुळणी केली. ऑर्लेजची पूर्ण आवृत्ती २००६ साली ऑस्ट्रियात रंगभूमीवर आली. या संगीतात ‘दिएस इरे’ नाही, सैतानाचे हास्य नाही. स्वर एकमेकांना टेकून उभे राहतात आणि कोणतीच तार घराकडे, म्हणजे मूळ षड्जाकडे, परतत नाही. मला विचाराल तर बिनचेहऱ्याच्या भीतीचे दार वाद्यवृंदात प्रथम येथे किलकिले झाले. देब्युसीचा मित्र आंद्रे काप्ले याने पोच्याच ‘लाल मृत्यू’वर हार्प आणि तंतुवाद्यांची एक रचना केली आहे. तीत वादक एका क्षणी तारा सोडून हार्पच्या लाकडावर टकटक करतो. पाहुणा आला, एवढेच तो सांगतो. तो कोण, हे सांगत नाही.

ते दार सताड उघडले ते १९६१ साली, आणि उघडणारा भयकथांचा शौकीन नव्हता. ग्यॉर्गी लिगेती हा ट्रान्सिल्व्हानियात जन्मलेला हंगेरियन ज्यू. दुसऱ्या महायुद्धात त्याला वेठबिगारीवर धाडले. धाकटा भाऊ माउटहाउझेनच्या छळछावणीत, वडील बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत गेले. आई ऑशविट्झमधून जिवंत परतली. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर तो हंगेरीतून पळाला. लहानपणी त्याला एक स्वप्न पडले होते : सारी खोली दाट जाळ्याने भरली आहे, बिछान्यापर्यंत पोचता येत नाही, जाळ्यात अडकलेले किडे धडपडतात आणि त्या धडपडीने सारे जाळे हळूहळू रूप पालटते. हे स्वप्न आणि आपली रचनापद्धती यांचे नाते त्यानेच सांगितले आहे.

डोनाउएशिंगेन येथे त्याची ‘आत्मोस्फेर’ वाजली, तेव्हा छप्पन्न तंतुवादकांपैकी प्रत्येकाला वेगळी ओळ होती. धून नाही, ताल नाही. नुसता आवाजाचा ढग, जो आतल्या आत बदलत राहतो. एके ठिकाणी तो वर वर चढत जातो, पिकोलोंचे स्वर कानांना टोचू लागतात, आणि एकदम सारे तुटून खाली, तळाशी, डबल बासांचा खर्ज तेवढा उरतो. पायाखालची फळी निसटावी तसे होते. माझ्या लेखी त्सानच्या खिडकीतून दिसलेला काळोख तो हाच. १९६८ साली स्टॅन्ली क्युब्रिकने हे संगीत आणि लिगेतीच्या ‘रेक्विएम’मधला भाग आपल्या अंतराळपटात वापरला, रचनाकाराला विचारण्याची तसदी कोणी घेतली नव्हती आणि त्याने पुढे तक्रारही केली. पण काळ्या शिळेसमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणते सूर ऐकू यावेत, हे तेव्हापासून जगाने ठरवूनच टाकले.

येथे एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पोलंडच्या पेंडरेत्स्कीने १९६० साली बावन्न तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. वादक घोडीच्या पलीकडच्या तारा छेडतात, वाद्याच्या अंगावर थापा मारतात, जमेल तितका उंच स्वर काढतात. तिचे नाव होते केवळ ‘आठ मिनिटे सदतीस सेकंद’. रचना ऐकल्यावर त्याने ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली, नावही तसेच दिले; आता ती ऐकताना विमानांची घरघर ऐकू आली नाही असा माणूस विरळा. मग भीती होती कोठे, स्वरांत की शीर्षकात? स्वर वेदनेने भरलेले होते, नाव मागाहून सापडले, असे रसिक म्हणतात. मला ते पटते, पण पुरते नाही. त्याच पेंडरेत्स्कीच्या इतर रचना ‘एक्झॉर्सिस्ट’ आणि ‘शायनिंग’ या चित्रपटांत भुतांच्या पाठीमागे वाजल्या आणि तेथेही चपखल बसल्या. जे हिरोशिमालाही चालते आणि भुतालाही, त्याबद्दल थोडे सावध राहिलेले बरे.

त्यानंतर ही भाषा सर्वांची झाली. मेटॅलिका या रॉक मंडळींनी १९८४ साली लव्हक्राफ्टच्या सागरतळीच्या देवावर एक शब्दावाचूनची रचना केली आणि १९९९ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या सिंफनी वाद्यवृंदासह वाजवली. कर्कश आहे, पण तिच्या जडपणात प्रामाणिकपणा आहे. आपल्या मराठी मुलखातही हा काळोख परका राहिलेला नाही. नारायण धारपांनी तो वाड्यांत आणि माजघरांत आणून बसवला, आणि २०१८ साली कोकणातल्या पावसाने भिजलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट आला, त्याचे पार्श्वसंगीत येस्पर क्यूड या डॅनिश संगीतकाराने दिले. त्या चित्रपटातल्या अधाशी देवाचे नाव हस्तर. लव्हक्राफ्टने अँब्रोझ बिअर्स आणि रॉबर्ट चेंबर्स यांच्याकडून उसने घेतलेले एक नाव आहे, ‘हॅस्टर’. वाड्याच्या तळघरात उतरताना ऐकू येणारे ते लांबट, थंड, कोठेच न टेकणारे सूर ऐकून पाहा. देब्युसीने अर्ध्यावर सोडलेल्या वाड्यापासून ते फार दूरचे वाटत नाहीत.