विषादाची रासायनिक उपपत्ती : एका अनुमानाचा इतिहास

विषादरोगाच्या जैविक मीमांसेचा इतिहास बहुधा सरळ रेषेत सांगितला जातो : मेंदूतील काही द्रव्यांची उणीव आढळली, ती भरून काढणारी औषधे निघाली आणि रोगाचे कारण उलगडले. प्रत्यक्ष घटनाक्रम याच्या उलट आहे. औषधे आधी आली; त्यांच्या कार्यावरून कारणाचे अनुमान मागाहून केले गेले. हे अनुमान कोणत्या आधारावर उभे राहिले, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आयुर्वेदास परिचित असलेल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. 1952 साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशी वृत्ते लवकरच प्रसिद्ध होऊ लागली. 1955 साली प्लेचर, शोर व ब्रोडी यांनी रेसर्पिनमुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा घटतो असे दाखविले. पुढे नॉरॲड्रिनॅलिन व डोपामिन यांचीही तीच गत होते असे दिसून आले.

याच सुमारास क्षयरोगावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनोवृत्ती उल्हसित होते, हे ध्यानात आले होते. 1957 साली नेथन क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विषादावर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. हे औषध उपरोक्त द्रव्यांचे विघटन रोखते. एक औषध साठा घटविते व खिन्नता आणते. दुसरे तो वाढविते व खिन्नता घालविते. या सममितीतूनच 1965 साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रिनॅलिनच्या उणिवेची उपपत्ती मांडली. ती अंतिम सत्य नव्हे, संशोधनास उपयुक्त असे गृहीतक आहे, ही मर्यादा त्यांनी स्वतःच नमूद केली होती.

तथापि विरोधी पुरावा आधीपासूनच उपलब्ध होता. 1955 साली डेव्हिस व शेफर्ड यांनी लंडनमध्ये चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर रेसर्पिनची निष्क्रिय गोळीशी तुलना केली; तीत रेसर्पिन घेणाऱ्यांची प्रकृती सुधारलेली आढळली. शिवाय विषादविरोधी औषधे मेंदूतील द्रव्यांवर काही तासांतच कार्य करतात, परंतु रुग्णास पुरता उतार पडण्यास बहुधा काही आठवडे लागतात. केवळ साठ्याच्या उणिवेने या विलंबाचा उलगडा होत नाही.

दुसरा प्रवाह माँट्रिअल येथे उगम पावला. 1954 साली जेम्स ओल्ड्स व पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत विद्युदग्रे बसविली. विशिष्ट भागी विद्युत्प्रवाह मिळावा म्हणून हे प्राणी तरफ पुनःपुन्हा दाबत राहत. या भागांस 'सुखकेंद्रे' हे नाव पडले. 1957 साली आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेले प्राणी एल-डोपाने पुन्हा हालते होतात असे दाखविले, आणि पुढल्याच वर्षी मेंदूतील डोपामिनचे अस्तित्व सिद्ध केले. कालांतराने मध्यमस्तिष्कातून न्यूक्लियस ॲक्युम्बेन्सकडे जाणारा डोपामिनवाही मार्ग बक्षीस-परिपथाचा प्रमुख घटक ठरला. विषादात सुखास्वाद लोपतो. तेव्हा हा परिपथ मंदावतो, असे म्हणणे ओघानेच आले.

परंतु 'सुख' या शब्दानेच घोटाळा केला. केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामिन जवळजवळ नष्ट झालेले उंदीर स्वतःहून खात नसत. तरी तोंडात गोड घातल्यास आवडीच्या मुद्रा पूर्ववत करीत. म्हणजे ओढ व आस्वाद या भिन्न गोष्टी ठरल्या. 1997 साली शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी डोपामिनपेशी सुख नव्हे, तर अपेक्षा व प्राप्ती यांतील अंतर नोंदवितात असे प्रतिपादिले.

परिणामी आजचे संशोधन अवघ्या विषादाचे एक कारण शोधण्याऐवजी उत्साहलोप, अनास्था यांसारख्या लक्षणांचे पृथक् परिपथ तपासते. औषधांची उपयुक्तता यामुळे कमी होत नाही. ॲस्पिरिनने डोकेदुखी थांबते म्हणून ती ॲस्पिरिनच्या अभावाने उद्भवते असे कोणी मानीत नाही. उपाय गुणकारी ठरला, एवढ्यावरून निदान सिद्ध होत नाही, हा भेद या इतिहासात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. आणि आपला रोग 'रासायनिक उणीव' आहे असे ऐकणाऱ्या रुग्णापर्यंत त्याचे परिणाम पोहोचले.