भोवरा, ही-मॅन आणि बेब्लेड

स्मरणिकेसाठी जुने फोटो हवेत म्हणून गेल्या दिवाळीआधी आम्ही दोघा-तिघांनी सोसायटी ऑफिसचे लोखंडी कपाट रिकामे केले. शेअर सर्टिफिकेटांची पुस्तके, लिफ्टच्या मेंटेनन्सचे करार, २००२ सालच्या पाणीपट्टीच्या पावत्या असे काय काय निघाले. अगदी खालच्या खणात एक खाकी पाकीट होते. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'पार्किंगमध्ये जप्त. पालक आल्यावर परत करणे. मे २००६.' आत एक निळी प्लॅस्टिकची चकती, वर ड्रॅगनचे पुसट चित्र, खाली टोक. बेब्लेड!

समितीने मला सोसायटीचा आर्थिक इतिहास लिहायला सांगितले होते. तो आकडेवारीसकट सेक्रेटरींच्या लेखात आलाच आहे. तेव्हा म्हटलं, आपण या पाकिटाचा इतिहास लिहावा. आपल्या सोसायटीत वाढलेली एक अख्खी पिढी टीव्हीवरची कार्टून्स आणि त्यातून आलेली खेळणी यांच्यावर वाढली. तिच्याशी माझे थोडे देणे-घेणे बाकी आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही एंट्री एकोणीस वर्षे सस्पेन्स अकाउंटला पडून आहे.

माझे बालपण साताऱ्याच्या वाड्यात गेले. टीव्ही नव्हताच. मुंबईला दूरदर्शन आले तेच मुळी २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हा मी कॉलेजात होतो. कधीमधी इंग्रजी सिनेमाच्या आधी एखादे हलते चित्र दाखवीत. उंदीर असो, बदक असो की मांजर, आम्ही सगळ्यांना 'मिकी माऊस'च म्हणायचो. पण पडद्यावरचा मिकी खेळण्याच्या रूपात हातात यावा ही कल्पनाही डोक्यात येत नसे. आमचे खेळणे म्हणजे कातारी कातून द्यायचा तो लाकडी भोवरा. खाली लोखंडी आर, भोवती गुंडाळायला जाळी. रिंगण आखायचे, ज्याचा भोवरा आत पडून राहील त्याच्यावर बाकीच्यांनी आपापल्या भोवऱ्याची आर आणायची. कधी भोवरा चिरायचा, कधी पार दुभंगायचा. घरी रडत जायचे नाही, हा नियम. तो कोणी लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे.

तिकडे अमेरिकेत मात्र चित्र आणि खेळणे यांची सोयरीक फार लवकर जुळली. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' हा बोलपट न्यूयॉर्कला १८ नोव्हेंबर १९२८ रोजी झळकला आणि मिकी माऊस घराघरांत पोचला. १९३० मध्ये शार्लट क्लार्क नावाच्या बाईंनी मिकीच्या कापडी बाहुल्या शिवायला घेतल्या. १९३२ मध्ये के कामेन या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाने डिस्नेंशी करार केला आणि मिकीचे चित्र वापरायचे परवाने रीतसर विकायला सुरुवात केली. १९३३ मध्ये इंगरसोल कंपनीचे मिकीचे मनगटी घड्याळ निघाले. त्यात मिकीचे दोन हात म्हणजेच तास-मिनिटांचे काटे. जागतिक मंदीच्या त्या काळातही ते धडाक्यात खपले. इथे क्रम लक्षात घ्यावा. आधी चित्र, ते लोकांना आवडले, मग खेळणे.

आपल्याकडे चित्रे हलवायची हौस काही कमी नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज' नावाचा लघुपट केला होता. आगपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवत, दर वेळी फोटो घेत, त्यांना नाचवण्याचा तो प्रकार. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म केली. पुढे दूरदर्शनने ती इतक्या वेळा दाखवली की आज पन्नाशीला आलेल्या कोणालाही विचारा, चिमण्या जाळे घेऊन उडाल्या ते चित्र डोळ्यांसमोर येईल. पण त्या चिमण्यांचे खेळणे काही निघाले नाही. परवाना विकणारा कोणी नव्हता आणि तसा विचारही नव्हता. मुलांनी त्यातले गाणे तेवढे उचलले.

क्रम उलटा झाला तो ऐंशीच्या दशकात. मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीकडे १९७६ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या काढण्याची संधी चालून आली होती, तिने ती नाकारली. केनर या दुसऱ्या कंपनीने ती घेतली आणि भरपूर कमावले. मग मॅटेलने स्वतःचाच एक नायक घडवला. १९८२ मध्ये बाजारात आलेला तो ही-मॅन. साडेपाच इंच उंची, पैलवानी अंग, कंबर पिळून सोडली की स्प्रिंगने गर्रकन फिरून ठोसा मारणार. त्याचा हिरवा वाघ तर चक्क जुना माल होता! कंपनीच्या 'बिग जिम' नावाच्या आधीच्या खेळण्यातल्या वाघाचा साचा पडून होता. तो ही-मॅनच्या मानाने फारच मोठा, म्हणून त्याच्यावर खोगीर चढवले आणि वाहन करून टाकले. डेड स्टॉकचा असा सदुपयोग मी दुसरा पाहिला नाही.

आता खेळणे झाले, पण हा माणूस कोण, हे मुलांना सांगणार कोण? आधी प्रत्येक खोक्यात छोटे चित्रपुस्तक घातले. मग १९८३ मध्ये फिल्मेशन या स्टुडिओने त्यावर कार्टून मालिका केली, एकूण १३० भागांची. म्हणजे खेळणे आधी आणि गोष्ट नंतर! याच्याही आधी १९६९ मध्ये 'हॉट व्हील्स' या खेळण्यातल्या गाड्यांवर कार्टून निघाले होते. तेव्हा 'हा कार्यक्रम म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरातच आहे' अशी तक्रार प्रतिस्पर्धी कंपनीने केली आणि तिथल्या सरकारी आयोगाने त्याची दखलही घेतली. १९८४ मध्ये त्याच आयोगाने जाहिरातींवरची बंधने सैल केली. त्याच वर्षी 'ट्रान्सफॉर्मर्स' आले. तीही मुळात टाकारा या जपानी कंपनीची खेळणी, अमेरिकेच्या हॅस्ब्रोने नवी नावे आणि नवी गोष्ट देऊन आणलेली. पुढे ओरड वाढली तेव्हा १९९० मध्ये कायदा झाला. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे, एवढीच मर्यादा ठरली.

मात्र सगळा दोष कंपन्यांच्या पदरात टाकणेही बरोबर नाही. फिल्मेशनवाल्यांनी प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना एक छोटा उपदेश ठेवला होता. त्यांनी ऑर्को नावाचा एक तरंगणारा, गमत्या जादूगार स्वतःच्या मनाने घातला. तो मुलांना इतका आवडला की नंतर मॅटेलला त्याचे खेळणे काढावे लागले. म्हणजे जाहिरात करायला बसवलेल्या चित्रकारांनी कंपनीलाच नवे खेळणे सुचवले.

हा ही-मॅन ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर आला. त्याच सुमारास मॅटेलच्या परवान्यावर 'लिओ' नावाने त्याच्या बाहुल्या आपल्या देशातही बनू लागल्या. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. मित्राकडे पाहून आला आणि हट्ट धरून बसला. मी त्याला व्याख्यान दिले. कंपन्या मुलांना कशा भुलवतात वगैरे. त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. पण सात वर्षांच्या पोराला ते ऐकवून उपयोग काय? त्याने काय करावे? आईची मोजपट्टी तलवार म्हणून उचलली, पाठीवर टॉवेल बांधला आणि कॉटवर चढून आरोळी ठोकली. तो त्या बाहुलीशिवायच ही-मॅन झाला. ती बाहुली मी शेवटपर्यंत घेतली नाही. आज तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. परवा हा विषय निघाला तेव्हा हसला आणि म्हणाला, "बाबा, व्याख्यान मात्र अजून पाठ आहे."

आता आपल्या पाकिटाकडे येतो. १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले आणि कार्टूनसाठी रविवारची वाट पाहणे संपले. २००० मध्ये आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक घरांत केबल होती. पहिल्या काही वर्षांत पोकेमॉनचे वारे आले. वेफर्सच्या पाकिटात गोल चकत्या मिळायच्या, टाझो. मुले वेफर्स टाकून चकत्या ठेवायची, हे आमच्या सफाईवाल्या मावशींनी मला सांगितले होते. २००५ च्या सुमारास बेब्लेड आले आणि पार्किंगचे कुरुक्षेत्र झाले.

बेब्लेड म्हणजे काय, हे मी हा लेख लिहायला बसल्यावर नीट समजून घेतले. जपानमध्ये 'बेइगोमा' नावाचा जुना भोवरा आहे. पूर्वी तो समुद्री शंखात वाळू भरून, मेणाने तोंड बंद करून बनवत. पुढे धातूचा ओतीव आला. बादलीवर किंवा पिंपावर कापड ताणून त्यावर दोघांचे भोवरे सोडायचे. ज्याचा बाहेर फेकला जाईल तो हरला, आणि हरलेला भोवरा जिंकणाऱ्याचा. याच खेळावरून टाकारा कंपनीने १९९९ मध्ये प्लॅस्टिकचे बेब्लेड काढले. नावातले 'बे' हे त्या बेइगोमाचेच. त्याच वर्षी त्यावर चित्रकथा सुरू झाली आणि जानेवारी २००१ पासून जपानी टीव्हीवर मालिका. जाळीऐवजी दातेरी प्लॅस्टिकची पट्टी. ती खेचली की आतले चक्र फिरते आणि भोवरा सुटतो. वरची कडी, मधली वजनाची चकती, खालचे टोक असे भाग सुटे करून बदलता येतात. टोक अणकुचीदार असेल तर तो मध्यभागी जास्त वेळ टिकतो, चपटे असेल तर सैरावैरा पळत दुसऱ्यावर धडकतो.

हे वाचले आणि मी जागच्या जागी थांबलो. आर अणकुचीदार हवी की बोथट, यावर साताऱ्याच्या वाड्यात आम्ही तासन् तास वाद घातले होते! हा तर आमचाच भोवरा. जपानमधून टीव्हीत शिरला आणि प्लॅस्टिकचे कपडे घालून आमच्या पार्किंगमध्ये उतरला. मी मात्र त्याला ओळखले नाही.

मे २००६. शाळांना सुट्टी. रंगकामवाल्यांचे एक घमेले खाली पडले होते, तेच मुलांचे स्टेडियम. दुपारी दोनपासून खडखडाट आणि आरडाओरडा. पहिल्या मजल्यावरच्या एका आजोबांची झोपमोड होत होती, त्यांनी लेखी तक्रार दिली. मी तेव्हा खजिनदार. 'पार्किंगच्या जागेत खेळण्यास सक्त मनाई' अशी नोटीस मीच टाईप करून लावली. दोन दिवसांनी परत तेच. मी खाली गेलो आणि घमेल्यात फिरत असलेला भोवरा उचलून खिशात घातला. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मागे आला. म्हणाला, "काका, तो माझा नाहीये. मी मागून आणलाय." मी म्हटलं, "मग ज्याचा आहे त्याच्या बाबांना पाठव." मला वाटलं, बहाणा आहे. कोणीच आले नाही. ते कुटुंब भाड्याने राहत होते, जूनमध्ये सोडून गेले. पाकीट खणात राहिले.

पाकीट सापडल्यावर मी आमच्या विंगमधल्या एका मुलीला ते दाखवले. मुलगी कसली, आता तिलाच दोन वर्षांचे मूल आहे. तेव्हा त्या घोळक्यात ती होती. तिने पुढची हकिकत सांगितली. बेब्लेड खरोखरच दुसऱ्याचे होते. त्या मुलाने घरी काही सांगितले नाही. आपला टाझोंचा सगळा डबा, दोन वर्षे जमवलेला, भरपाई म्हणून मित्राला देऊन टाकला. पालकांना पाठवायचे नाही, कारण मग मित्रालाही बोलणी बसतील, असे मुलांनी जिन्यात बसून ठरवले होते.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. कर्ज घेताना गोड बोलणारी आणि फेडताना तोंड लपवणारी मोठमोठी माणसे पाहिली. लेखी कागद नाही, जामीनदार नाही, तरी अशी स्वच्छ परतफेड मी क्वचितच पाहिली. आणि त्या कर्जदाराला मी खोटारडा समजलो.

ती खेळणी पैसे कमावण्यासाठी काढली होती आणि ती कार्टून्स खेळणी खपवण्यासाठी, हे माझे मत आजही कायम आहे. पण मी फक्त मालाकडे पाहिले, खेळाकडे पाहिले नाही. कंपनी भोवरा विकते. उसना द्यायचा की नाही, हरल्यावर काय करायचे, मोठ्यांना किती सांगायचे, हे नियम कंपनी विकत नाही. ते मुले स्वतः करतात. आम्ही वाड्यात केले, यांनी आपल्या पार्किंगमध्ये केले. पंचवीस वर्षांत या सोसायटीत जे काही चांगले घडले त्यात ते जिन्यातले ठरावही धरले पाहिजेत. त्यांची मिनिट्स कोणी लिहिली नाहीत, एवढेच.

म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. पहिली, येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी पाच ते सात पाहुण्यांच्या पार्किंगची जागा मुलांना खेळायला मोकळी ठेवावी. ज्येष्ठांची दुपारची झोप त्यात सुरक्षित आहे. मी स्वतः आता त्यांच्यातच मोडतो.

दुसरी गोष्ट त्या पाकिटाची. बँकेत दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, पण म्हणून खातेदाराचा हक्क जात नाही. तो केव्हाही येऊन मागू शकतो. ज्याने भरपाई दिली, हिशोबाने ते बेब्लेड आता त्याचे. तो आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. जुन्या मित्रांपैकी कोणाच्या तो संपर्कात असेल तर ही स्मरणिका त्याला जरूर पाठवा. पाकीट मी ऑफिसच्या कपाटातून काढून घरी, माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. येताना पालकांना आणायची गरज नाही. आणि वेळ असेल तर अर्धा तास बसावे. नवे घमेले मी आणून ठेवले आहे.