लालबागचे कुलूप, विक्रोळीचे घर : कसबी हात टिकवण्याची गोष्ट

१/ ७ मे १८९७. लालबागमध्ये गॅस कंपनीशेजारच्या एका छोट्या शेडमध्ये आर्देशिर गोदरेज यांनी कुलुपांचा कारखाना सुरू केला. यंत्रे विकत मिळत होती. कसबी हात मात्र घडवावे लागणार होते, आणि घडल्यावर टिकवावेही लागणार होते.

२/ वकिली सोडलेल्या आर्देशिर यांचा शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा आधीचा उद्योग फसला होता. माल पसंत पडूनही त्यावर भारतीय बनावटीचा शिक्का ग्राहकाला नको होता. कौशल्य होते, त्यावरचा विश्वास नव्हता.

३/ कुलूप हे तर विश्वासाचेच यंत्र. लिव्हरच्या कुलुपात किल्ली फिरताच प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली जावी लागते. एखादी पट्टी किंचित कमी-अधिक उचलली गेली, तरी कुलूप उघडत नाही. कानस कुठे थांबवायची, हे जाणत्या कारागिराशेजारी उभे राहूनच हातात उतरते. असा माणूस सोडून गेला की त्याला शिकवण्यात घातलेली वर्षेही जात.

४/ आणि जायला लांब जावे लागत नव्हते. परळला जी.आय.पी. रेल्वेचे वर्कशॉप होते. गिरण्यांनाही यंत्रे चालती ठेवायला फिटर, टर्नर, लोहार हवेच असत.

५/ प्रश्न केवळ पगाराचा नव्हता. राहायचे कुठे, हाही होता. सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तरीही १९३१ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे तीन-चतुर्थांश लोकवस्ती एकखोलीच्या घरांत आढळली. बायकामुले गावी ठेवून खानावळीत जेवणारा कामगार निम्मा गावाचाच राहत असे.

६/ आर्देशिर यांचे बंधू पिरोजशा यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली गेली. तिथे कारखान्यासोबत कामगारांची वसाहत उभी राहिली. १९५५ मध्ये उदयाचल शाळा सुरू झाली. कामगाराचे कुटुंब आता शहरात रुजू शकत होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटरही इथूनच बाहेर पडला.

७/ या उत्तराला दुसरी बाजूही आहे. मालकाने दिलेले घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की छपराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बीडीडीची खोली लहान, पण ती गिरणीमालकाची नव्हती. १९८२ च्या संपानंतर हा फरक किती मोठा आहे, हे गिरणगावाने अनुभवले.

८/ धातूच्या उद्योगाचा इतिहास आपण यंत्रांच्या आणि उद्योगपतींच्या नावाने वाचतो. पुढच्या वेळी जुने कुलूप हाती आले, तर किल्ली सावकाश फिरवा. आतली प्रत्येक पट्टी कुणीतरी घासली होती, आणि पाळी संपल्यावर त्यालाही कुठल्यातरी खोलीचे कुलूप उघडायचे होते.